नाही म्हणजे नाही, तो फ्लेक्स उतरवा

सोलापुरात सात रस्त्याला क्लासवाल्यानं माझ्या मुलीचा दहा फुटी फ्लेक्स लावलाय. तो उतरवा म्हणून तीन आठवडे मी गोड बोलून झालं, हात जोडून झाले. आता डोकं फिरलंय.

मुलीनं बारावीत एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी दिली आणि पास झाली. मग भोपाळला एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडायच्या मुलाखती आणि चाचण्या. पहिल्याच दिवशी चाळणी लागून कितीतरी पोरं बॅगा उचलून परत येतात, ही पाचही दिवस टिकली. मेडिकल झालं. लेखीचे 900 आणि एसएसबीचे 900 गुण धरून जी यादी लागते, तीत दिवाळीच्या तोंडावर तिचं नाव आलं. तोवर नीटच्या गुणांवर शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात तिचं ॲडमिशन झालं होतं. दोन रात्री ती झोपली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "आई, मला जनावरांचंच करायचंय. मी खडकवासल्याला जात नाही."

आणि त्याच दिवशी तिनं भरती विभागाला मेल केला. मी शेजारी बसले होते. इंग्रजीत पाचच ओळी. माझी निवड झाली याबद्दल मनापासून आभार, मी या कोर्सला दाखल होऊ शकत नाही, माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला द्यावी ही विनंती. "पुढच्या मुलीला" हे शब्द तिनं दोनदा वाचून बघितले आणि मगच पाठवलं. लष्कराकडून एक वाकडा शब्द आला नाही. का, कशासाठी, कुणी विचारलंसुद्धा नाही.

विचारलं ते आपल्या लोकांनी! फोनवर फोन. दिरांनी तर सल्ला दिला, "कळवायची काय घाई होती वहिनी? गप्प बसायचं, तारीख निघून गेली की आपोआप रद्द होतं." हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, आपोआप काय रद्द होतं? कुणाचं तरी आयुष्य रद्द होतं! जवळपास 400 जागांच्या कोर्सात मुलींच्या वाट्याला पंचविसाच्या आसपास येतात. जागा रिकामी झाल्याचं कळलं तरच यादीत खाली असलेल्या मुलीला बोलावणं जाणार ना? ती तिकडे रोज सकाळी उठून मोबाइल बघत असणार, तिची आई देवापुढे बसलेली असणार, आणि इकडे तुम्ही म्हणता गप्प बसा. 2021 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं म्हणून मुलींना ही परीक्षा देता आली. पहिल्या तुकडीतल्या 17 मुली 30 मे 2025ला खडकवासल्यातून पास होऊन बाहेर पडल्या, तेव्हा आम्ही मायलेकींनी मोबाइलवर संचलन बघितलं होतं. मी रडले होते. त्या दाराची किंमत आम्हाला कळते, म्हणूनच तर नको असलेली जागा अडवून बसलो नाही.

दुसरा सल्ला त्याहून भारी. "जाऊन तर बघू दे, नाही जमलं तर येईल परत." धर्मशाळा आहे का ती? तिथं जाताना आईबापांकडून लिहून घेतात. पोरानं मनानं मध्येच सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागतो, आठवड्यांच्या हिशेबानं. आणि पैशाचं सोडा, कोर्स सुरू होऊन पुढे गेला की सोडलेल्या जागेवर कुणाला घेता येत नाही. ती जागा वाया. तीन वर्षं खडकवासला, पुढे लष्करात जाणाऱ्यांना आणखी एक वर्ष डेहराडून, आणि मग सगळी नोकरी. मनापासून हो असेल त्यानंच जावं असं ते काम आहे. फोटोपुरतं जाऊन बघायची जागा नाही ती.

पण या सगळ्यांचा मला जेवढा राग नाही, तेवढा त्या क्लासवाल्याचा आहे. यादी लागली त्या रात्रीच त्यानं फ्लेक्स छापून टाकला. आम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. जाऊन बघितलं तर काय? चेहरा माझ्या मुलीचा, ॲडमिशन फॉर्मवरचा दोन वेण्यांचा फोटो कापून घेतलेला, आणि खाली धड दुसऱ्याच कुणाचं, लष्करी गणवेशातलं. छातीवर पदकांची रांग! एक दिवस गणवेश न घातलेल्या माझ्या पोरीच्या छातीवर पदकं चिकटवलीत. ज्यांनी ती सियाचीनला, सीमेवर उभं राहून मिळवली त्यांना काय वाटेल? मागे रणगाडा, वर तिरंगा, आणि आडनावाची वेलांटीसुद्धा चुकलेली.

तिनं नकार कळवला त्या संध्याकाळीच मी क्लासमध्ये गेले. नीट सांगितलं, "सर, ती जाणार नाही, आता हे खोटं ठरतं, उतरवा." तर म्हणाले, "ताई, निवड तर झाली ना? गड्ड्याच्या यात्रेपर्यंत राहू द्या की. जानेवारीत गर्दी असते, नवीन बॅच भरायची आहे." पुढच्या खेपेला म्हणाले, नकार मागे घ्यायला सांगा. तिसऱ्या खेपेला आवाज चढला, आमचं नाव घालवलंत म्हणाले. तुमचं नाव? पहाटे पोलीस मैदानावर धावली ती, रात्री दीडपर्यंत गणितं सोडवली तिनं, फी भरली आम्ही, पूर्ण, एक रुपया न सोडता. आता तिच्या तोंडावर तुमची बॅच भरणार आणि वर आम्हीच गुन्हेगार?

बरं, रोज तो फ्लेक्स बघून लोक मला थांबवतात. भाजीवाल्या मावशी पेढे मागतात. मी सांगते, नाही हो, ती नाही जात. की लगेच चेहरा पडतो, आणि मग हळूच, "घाबरली काय?" घाबरली नाही! घाबरणारी पोरगी खरं बोलत नाही. अठरा वर्षांच्या मुलीनं वेळेत, सभ्य भाषेत, आभार मानून नाही म्हटलं, तर सगळ्या गावाला ते पचेना झालंय. देशसेवा नाकारली म्हणे. शेतकऱ्याची गाय रात्री दोनला अडली, तर तिथं गुडघाभर शेणात बसून वासरू बाहेर काढणं ही कुणाची सेवा?

शनिवारी ती येणार आहे, पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं. गाडी रात्री दहाला पोचते, घरी येताना रिक्षा सात रस्त्यावरूनच जाते, आणि त्या फ्लेक्सवर हॅलोजन लावलेत. तिनं अजून तो बघितलेला नाही. क्लासवाल्या सरांना आज शेवटचा मेसेज टाकलाय, शुक्रवार संध्याकाळपर्यंत उतरवा. नाहीतर शनिवारी सकाळी मी आणि तिचे बाबा शिडी आणि विळा घेऊन येतोय, भर चौकात, सगळ्यांसमोर.