उपम्याच्या बरण्यांच्या रिव्ह्यूला उत्तर: ताई, माल मागच्या वर्षीचा नव्हता

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. भाऊबीजेला तुम्ही नणंदेच्या हातात आमची उपमा मिक्सची बरणी दिलीत, तिने सगळ्यांसमोर झाकण उघडलं आणि आत रव्याच्या गाठी निघाल्या, हे वाचून मला कसंतरीच झालं. सणाच्या दिवशी चारचौघांत तुम्हाला ओशाळं व्हावं लागलं त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण पुढे तुम्ही लिहिलंय की "मागच्या वर्षीचा शिळा माल दिवाळीत खपवला आणि वर 349 रुपये लावले". पैशांचं एकवेळ चालेल, महाग वाटलं तर वाटलं, काचेची बरणी आणि मूठभर काजू धरून ज्याला त्याला आपला हिशोब असतो. पण शिळा आणि मागच्या वर्षीचा हे शब्द मला झोपू देईनात, म्हणून जरा सविस्तर लिहिते, मोठं झालं तर राग मानू नका.

पहिली गोष्ट म्हणजे मागच्या वर्षी मी उपमा मिक्स करतच नव्हते. मागच्या दिवाळीत फक्त थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट होतं, तेही साध्या पाकिटात. बरण्या यंदा गणपतीत सुरू केल्या, पुण्यात बोहरी आळीत तीन दुकानं फिरून रबरी रिंगवाल्या झाकणाच्या शोधून आणल्या, तुमच्या 12 बरण्या त्यातल्याच. म्हणजे मागच्या वर्षीचा माल माझ्याकडे असणार कुठून?

तुमची ऑर्डर आली 4 ऑक्टोबरला, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, सहा उपमा आणि सहा मुगाची खिचडी. 7 तारखेला मार्केट यार्डातून भुसार विभागातल्या नेहमीच्या दुकानातून रवा आणला. कढीपत्ता आदल्या दिवशीच धुऊन सुती कापडावर पंख्याखाली पसरला होता, तो मग तेलात इतका कुरकुरीत केला की मुठीत धरला तर चुरा होतो, कारण त्यात जराशी ओल राहिली तर सगळी बरणी वाया जाते हे मला पहिल्या महिन्यातच कळलंय. 8 आणि 9 तारखेला रवा भाजला, बारीक गॅसवर, एका वेळी एकच किलो, रंग बदलू द्यायचा नाही पण वास सुटला पाहिजे, हात थांबवायचा नाही. मग परातीत रात्रभर थंड केला. कोमट असताना भरला की झाकणाला आतून वाफ धरते म्हणून सासूबाई स्वतः परातीत हात घालून बघतात आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी बरणी भरत नाही. 10 तारखेला भरल्या, तारीख बरणीच्या बुडाशी मीच पेनने लिहिलीये, अजून असेल बघा. अन्न परवान्याचा, म्हणजे एफएसएसएआयचा, 14 आकडी नंबर पण लेबलवर आहे. 11 तारखेला शनिवारी तुम्ही स्वतः येऊन घेऊन गेलात, एक बरणी उजेडात धरून हलवलीत आणि म्हणालात "अगदी सुटा सुटा आहे हो". मला ते चांगलं आठवतंय कारण मला खूप बरं वाटलं होतं.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. भाऊबीज 23 तारखेला होती, म्हणजे मधे 12 दिवस बरण्या तुमच्या घरी होत्या. 15 तारखेला रात्री पावणेबाराला तुमचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, "फ्रेश राहाव्यात म्हणून फ्रीजमध्ये ठेवल्यात, चालेल ना, आणि प्रत्येकीत नावाचं कार्ड टाकतेय". फोटोत बरण्या फ्रीजच्या मधल्या कप्प्यात दुधाच्या पातेल्याशेजारी होत्या, दोघींची झाकणं काढलेली, आणि काचेवर धुकं धरलेलं दिसतंय. मी सकाळी सव्वासहाला उत्तर दिलं होतं की ताई फ्रीजमधून लगेच काढा, कपाटात कोरड्या जागी ठेवा आणि झाकणं उघडू नका. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. मला वाटलं काढल्या असतील, दिवाळीच्या गडबडीत मीही परत विचारलं नाही, हे माझं चुकलं, एक फोन करायला हवा होता.

तो फोटो मी इथे टाकणार नाही, तुमच्या घरातला आहे. पण होतं काय ते सांगते. फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो ना, तसंच थंड बरणीचं झाकण उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि गार रव्यावर तिचं पाणी होतं. आणि उपम्याच्या मिक्समध्ये मीठ आणि पिठीसाखर आधीच मिसळलेली असते, ती ओल ओढून घेते, आपल्या घरची मिठाची बरणी पावसाळ्यात कशी होते तशी. खिचडीच्या सहा बरण्यांबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, त्याही त्याच कप्प्यात होत्या, त्याच दिवशी भरलेल्या. त्यात तांदूळ आणि मूगडाळ अख्खे असतात आणि मीठ-मसाल्याची पुडी वेगळी असते, म्हणून त्या सुट्या राहिल्या.

प्रत्येक घाण्यातली एक बरणी मी नमुन्याची म्हणून ठेवून देते. काल तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर रात्री अकराला 10 तारखेची ती बरणी काढली, ताटात उपडी केली, रवा वाळूसारखा पसरला, एकही गाठ नाही. एक वाटी मिक्सला अडीच वाटी उकळतं पाणी घालून तेव्हाच उपमा केला आणि सासूबाईंना उठवून खायला लावला. त्या म्हणाल्या चांगला झालाय, झोप आता. झोप कसली लागते.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई चूक आपल्या गळ्यात मारतेय. तसं नाहीये ताई. फ्रीजमध्ये ठेवू नये हे लेबलवर होतं पण मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, चष्म्याशिवाय मलाही वाचता येत नाही, आणि गिफ्ट म्हणून रिबीन लावली की ते झाकलंच जातं. आणि खिचडीत मिठाची पुडी वेगळी देते तर उपम्यात का नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. यापुढे देईन, लेबलचं पण काहीतरी करते, मोठं तरी करते नाहीतर झाकणावरच चिकटवते.

तुम्ही फोन केलात तेव्हा सहाच्या सहा बरण्या बदलून देते म्हटलं होतं, पैसे परत हवे असतील तर तेही म्हटलं होतं. तुम्ही "बघू" म्हणालात आणि दोन दिवसांनी रिव्ह्यू आला. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या वाणासाठी दोन जणींनी 40 छोट्या बरण्या विचारल्या होत्या, त्यातल्या एकीने आज सकाळी तुमच्या रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट पाठवून नको म्हणून कळवलं. माझ्याकडे दुकान नाही, नोकर नाहीत, शेजारच्या एक काकू भरायला येतात आणि त्यांचे पैसे ह्यातूनच जातात. मी काही दया मागत नाहीये, फक्त मागच्या वर्षीचा माल असं लिहिलं की वाचणाऱ्याला त्यात 15 तारखेचा मेसेज दिसत नाही.

स्टार एकच राहू दे, तो तुमचा अधिकार आहे, तुम्हाला त्रास झालाय. गाठी झाल्या हे पण राहू दे, ते खरं आहे. फक्त शिळा आणि मागच्या वर्षीचा एवढं काढाल का?

आणि न उघडलेली एखादी बरणी शिल्लक असेल तर घेऊन या, नमुन्याच्या बरणीशेजारी ठेवून दोघी मिळून बघू. बदलीच्या सहा बरण्यांसाठी रवा उद्या भाजतेय, परवा भरून होतील. शनिवारी सकाळी 11 पर्यंत मी घरीच असते, नंतर मार्केट यार्डला जाते, त्याच्या आधी या म्हणजे चुकामूक व्हायची नाही.