फसायचं नाही! (शांघाय, जोडीने, एका दिवसात)

२०२० पासून बंद पडलेली भारत-चीन थेट विमानं २०२५च्या ऑक्टोबरात पुन्हा उडायला लागली. तेव्हा युरोप झालेल्या, दुबई दोनदा झालेल्या आणि व्हिएतनामचे फोटो अजून पुरवून पुरवून टाकणाऱ्या जोडप्यांनी आता शांघायकडे वळायला हरकत नाही. शहर कसं बघावं हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी महत्त्वाचं तेवढं सांगतो: न फसता परत कसं यायचं. नाहीतरी आपण परदेशात दुसऱ्या कशासाठी जातो?

पहिली तयारी फोनची. तिथल्या नेटवर गूगल चालत नाही, व्हॉट्सॲप चालत नाही. इथून रोमिंग घेऊन गेलात तर दोन्ही चालतं, म्हणून ते घ्याच. चीनचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. तिथे दहाला तुम्ही गाळ्यासमोर उभे असता तेव्हा पुण्यात साडेसात वाजलेले असतात, आणि वहिनी चहाचा कप हातात धरून व्हिडिओ कॉलवर ‘मागचा तो हिरवा दाखवा’ म्हणायला पूर्ण मोकळ्या असतात. एवढी सोय पॅरिसमध्ये नाही.

दिवसाची आखणी सोपी आहे. ताज्या दमाने बाजार, उरलेल्या दमात शहर. उलट केलंत तर शहर आवडण्याचा धोका असतो.

शांघायचा शियांगयांग रोडवरचा नकली मालाचा जगप्रसिद्ध बाजार सरकारने २००६ साली बंद केला. गाळे उठले, माल उठला नाही. तो जमिनीखाली गेला. मेट्रोची २ नंबरची लाइन धरा आणि सायन्स अँड टेक्नॉलॉजी म्युझियम स्टेशनवर उतरा. फलाटावरून वर येता येताच गाळे लागतात, त्यामुळे उन्हाचा प्रश्न येत नाही. वर एक भलंमोठं विज्ञान संग्रहालय आहे म्हणतात. वर गेलेला मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे.

भाव कोण करणार हे हॉटेलातच ठरवून निघा. सगळ्यात जास्त नुकसान चिनी विक्रेत्यांनी केलेलं नसतं, ते ‘अगं, बरं आहे की, घे ना’ या वाक्याने झालेलं असतं. त्या गाळेवालीला मराठी कळत नाही, पण नवऱ्याचा कंटाळलेला चेहरा जगातल्या कुठल्याही गाळेवालीला कळतो. त्या क्षणी तिने ठरवलेली किंमत मग ब्रह्मदेवालाही उतरवता येत नाही. म्हणून यांनी तोंड मिटून दोन पावलं मागे, पिशव्या धरून उभं राहायचं आणि खुणेसरशी निघून जायचं नाटक करायचं. नाटक सात-आठ पावलांचं असावं. काही गृहस्थ खरोखरच निघून जातात आणि पुढे चार्जरच्या गाळ्यावर सापडतात. तिथे त्यांनी स्वतःच्या बुद्धीने एक पॉवर बँक घेतलेली असते. त्यावर किती एमएएच लिहिलंय ते वाचा, कौतुक करा आणि विषय सोडून द्या.

गाळ्यावर बोलणं कॅल्क्युलेटरवर चालतं. तो चांगला वहीएवढा मोठा असतो आणि एकेक आकडा दाबला की चिनी भाषेत मोठ्याने बोलतो, म्हणजे तुमची लाज शेजारच्या चार गाळ्यांनाही ऐकू जाते. ती दाबते ४८०. तुम्ही खोडून दाबता ४०. ती छातीवर हात ठेवते, घरची मुलं उपाशी मरतील असा अभिनय करते, आणि ३६०. इथे दया आली तर थेट विमानतळ गाठा, तुमचा प्रवास संपला. सहा दाखवताना ती अंगठा आणि करंगळी उभी करेल. ते फोन करण्याबद्दल नाही. शेवटी ६५ युआनला सौदा पटतो. दोघांनी एकमेकांकडे बघून हळूच हसायचं. मागच्या बाईने तोच स्कार्फ ४५ला नेलेला असतो, पण मागे बघायचंच नाही.

मोत्यांकडे मात्र सावध राहा, कारण तिथे खरेपणाचा प्रयोग होतो. गाळेवाली दोन मोती घेते आणि एकमेकांवर करकरा घासते. काळ्या मखमलीवर पिठासारखी पांढरी भुकटी पडते. मग ती अंगठ्याने मोती पुसते आणि डोळ्यांसमोर धरते. ओरखडा कुठेच नाही! खऱ्या मोत्याची ही खूण खरीच आहे, रंग दिलेल्या प्लास्टिकला ती जमत नाही. दाखवलेले मोती आणि पिशवीत पडलेले मोती तेच आहेत, याची भुकटी मात्र कोणी पाडून दाखवत नाही. आणि ते खरे निघाले तरी फार हुरळू नका. शांघायच्या दक्षिणेला, शेजारच्या चच्यांग प्रांतात झुजी नावाचं शहर आहे. त्याच्याभोवती गोड्या पाण्याच्या तळ्यांत शिंपल्यांची शेती चालते, आणि समुद्रातल्या शिंपल्यासारखा एखादा मोती देऊन तो शिंपला थकत नाही, डझनावारी देतो. म्हणजे माल अस्सल आणि तरीही ढिगाने. हे शिंपल्याचं कौतुक ती बाई तुम्हाला आनंदाने सांगेल. त्यांचं गावच असेल कदाचित ते. तुम्ही विचारू नका. ‘लास्ट प्राइस’ विचारा.

पैसे फोनवरून द्यायचे असतात. अलीपे या तिथल्या ॲपमध्ये आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडता येतं, पण एका व्यवहारात २०० युआनच्या वर गेलात की ३ टक्के जादा कापले जातात. तेव्हा २६० युआनची खरेदी १३०-१३० अशी दोन वेळा स्कॅन करा. गाळेवालीला आधी कळणार नाही, मग कळेल, मग ती तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल तो खरा आदर. वाचले पावणेआठ युआन, म्हणजे शंभरेक रुपये. ते लिहून ठेवा, संध्याकाळी लागतील.

आता प्रेक्षणीय स्थळं. ती उरकायला दुपार पुरते.

युयुआन बाग: १५५९ साली पान युनदुआन नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या वडिलांना म्हातारपणी निवांत बसता यावं म्हणून ही बांधायला घेतली. मध्येच त्याची बदली झाली, काम रखडलं, आणि बाग पुरी व्हायला १५७७ उजाडलं. घराण्याचा पैसा तिच्यात गेला तो गेलाच. पाच एकरांत तळी, पूल, पिवळ्या दगडांचा कृत्रिम डोंगर आणि भिंतींच्या माथ्यावरून वळत गेलेले ड्रॅगन आहेत. एक दगड नुसता भोकाभोकांचा आहे. त्याची बहात्तर भोकं सांगतात, आणि खाली उदबत्ती लावली तर सगळ्यांतून धूर निघतो म्हणतात. उदबत्ती लावू देत नाहीत, त्यामुळे हेही फसवणुकीच्या खात्यात धरा. दगडापाशी शांत उभं राहिलं तर त्या बापलेकाविषयी काहीतरी मनात येण्याची शक्यता असते. ती टाळण्यासाठी सौभाग्यवतींना दगडाला हात लावून उभं करा आणि फोटो काढा. बागेबाहेर तळ्यावर नागमोडी पूल आहे. भुतंखेतं सरळ रेषेतच चालतात, त्यांना वळता येत नाही, म्हणून पुलाला नऊ वळणं. सुट्टीच्या दिवशी त्यावर एवढी गर्दी असते की गेलेली भुतं परत आली नसावीत.

बागेला लागूनच वळचणीच्या छपरांचा मोठा बाजार आहे: पंखे, चहा, चॉपस्टिक्स. हीच तुळशीबाग समजा, फक्त छपरं वर वळलेली. इथे काहीही घेऊ नका, नुसते भाव विचारा आणि सकाळी आपण किती स्वस्तात आणलं याचा आनंद घ्या. सकाळी महाग आणलं असं निघालं तर ‘क्वालिटी वेगळी आहे’.

जेवण? नानशियांगचे वाफवलेले बन इथले प्रसिद्ध, आत चमचाभर गरम रस. तो रस डुकराच्या चामडीचा शिजवून गोठवलेला अर्क असतो, हे शाकाहाऱ्यांनी आधीच कळून घ्यावं. मांसाहाऱ्यांनी खाऊन झाल्यावर. शेजारी शाकाहारी बन मिळणारी जुनी दुकानंही आहेत. पण तुम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली आहे, ती बाकावर बसून संपवा. पाणी सगळीकडे गरमच मिळतं, त्याला नावं ठेवा.

नानजिंग रोडवर दोन हसतमुख तरुण मुली इंग्रजीत बोलायला येतील. ‘आम्हाला सराव करायचाय, चला, जवळच चहाचा समारंभ आहे.’ जाऊ नका. इवल्याइवल्या कपांतून पाच चहा होतात आणि बिल हजारात येतं. ही युक्ती इतकी जुनी आहे की तिला आता प्रेक्षणीय स्थळाचा दर्जा द्यायला हवा. गृहस्थ एकटे पुढे चालत असतील तर त्यांना हाक मारा. ‘अहो’ पुरे.

शनिवार-रविवार असेल तर दुपारी पीपल्स पार्कात जा, आणि इथे मात्र पिशव्या खाली ठेवा. रांगेने उघड्या छत्र्या जमिनीवर मांडलेल्या असतात. प्रत्येक छत्रीला एक कागद चिमट्याने लावलेला: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचा फ्लॅट आहे की नाही. छत्रीमागे घडीच्या स्टुलावर आई किंवा वडील. ज्याचं लग्न जमवायचं तो मुलगा किंवा मुलगी तिथे नसते. बऱ्याचदा तिला हे माहीतही नसतं. एक आजी पुढच्या छत्रीपाशी वाकून चष्मा वर करून वाचते, पगाराच्या ओळीवर बोट टेकवते, पुढे जाते. तुमचा बत्तीस वर्षांचा चिरंजीव हिंजवडीत आहे. शांघायमध्ये घरच्यासारखं वाटेल अशी ही एकच जागा. भाषेची अडचण येत नाही, उंची सेंटिमीटरमध्येच लिहिलेली असते. तुम्ही उभ्या उभ्या मनात तीन स्थळं नाकारता. भाव कोणी कमी करून मागत नाही, देतही नाही. अर्धा तास कुठे गेला कळत नाही, आणि बाहेर पडल्यावर दोघंही मेट्रोपर्यंत बोलत नाहीत.

संध्याकाळी बंड. नदीकाठची ही जुन्या इमारतींची रांग. तिच्यात हिरव्या टोकदार छपराचं पीस हॉटेल दिसेल. ते १९२९ साली व्हिक्टर ससून यांनी बांधलं. होय, तेच घराणं. व्हिक्टरचे पणजोबा डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आले, मुंबई बंदरातून चीनला अफू पाठवणाऱ्या व्यापारात घराणं मोठं झालं, आणि त्यातून इकडे ही इमारत, तिकडे पुण्यात ससून रुग्णालय आणि मुंबईत वाचनालय. चीनशी एवढा मोठा सौदा आपल्या बंदरातून झाला आणि त्यात कोण फसलं, असा प्रश्न सहप्रवाशांपैकी कोणी काढू लागला तर त्याला पलीकडच्या तीराकडे वळवा. तिकडे ६३२ मीटरचा शांघाय टॉवर आहे, ४६८ मीटरचा ओरिएंटल पर्ल आहे, आणि सगळं एकदम झगमगायला लागतं. ‘आपल्याकडे असं कधी होणार’ हे वाक्य इथे म्हणायचं असतं. रांगेत उभं राहून म्हणा, सगळेच म्हणतात.

पलीकडे जायला दोन मार्ग. एक, नदीखालून पर्यटकांचा बोगदा: काचेच्या डब्यात बसा, भिंतींवर रंगीत दिवे फिरतात, काही मिनिटांत बाहेर, माणशी ५० युआन. दुसरा, स्थानिक लोक सायकलींसकट चढतात ती फेरीबोट: मोकळा वारा, दोन्ही किनारे उजळलेले, २ युआन. तुम्ही बोगद्यानेच जा. तिथे पक्की किंमत छापलेली असते, म्हणजे फसवणूक नाही. फेरीबोटीचं यांना कळलंच, तर ते विमानाने उड्डाण केल्यानंतर सांगावं, सीटबेल्टची खूण पेटलेली असताना.