‘क्रोमवर चाललं की झालं’ हे साफ चूक आहे

नागपुरात वेबसाइटची कामं करणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘सगळे क्रोमच वापरतात. त्यावर चाललं की साइट झाली. क्रोमियम, म्हणजे क्रोम ज्यावर उभं आहे तो कोड, ओपन सोर्स आहे, अडकायची भीती नाही. बाकी ब्राउझर तपासणं म्हणजे ग्राहकाचे पैसे पाण्यात.’ बर्डीपासून मिहानपर्यंतची मंडळी तो पुढे पाठवतायत, म्हणून हे उत्तर.

आधी ‘सगळे क्रोमच’. आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकलं तरी आत इंजिन (पानाचा कोड वाचून ते पडद्यावर उभं करणारा भाग) सफारीचं, म्हणजे वेबकिटच असतं. ॲपलचा तसा नियम आहे. त्यामुळे धरमपेठेतल्या एखाद्या क्लासचा फॉर्म तुमच्या लॅपटॉपवर झकास चालतो आणि पालकांच्या आयफोनवर डेमो लेक्चरची वेळ निवडताना अडतो. कारण पुष्कळदा क्षुल्लक असतं: कोडमध्ये तारीख आणि वेळ यांच्यामध्ये ‘टी’ हे अक्षर हवं, तिथे नुसती मोकळी जागा सोडलेली. जावास्क्रिप्टच्या मानकात ‘टी’वाला नमुना पक्का ठरलेला आहे, बाकी नमुने ज्या त्या ब्राउझरच्या मर्जीवर. क्रोम सांभाळून घेतं, सफारीने बरीच वर्षं ‘इनव्हॅलिड डेट’ दाखवलं. इथे दोष आपल्या कोडचा आहे, आणि फक्त क्रोमवर तपासलं तर तो कधीच दिसत नाही.

शिवाय ‘सगळे हेच वापरतात’ हे आपण आधीही ऐकलंय. इंटरनेट एक्स्प्लोरर 6 आला 2001 मध्ये, आणि काही वर्षांतच जवळजवळ सगळं वेब त्याच्या हातात गेलं. मराठी वाचकाने त्याची किंमत मोजली. वृत्तपत्रांच्या कितीतरी साइट स्वतःच्या फॉन्टमध्ये असायच्या आणि तो आपोआप उतरवायची सोय एक्स्प्लोररपुरतीच. फायरफॉक्समध्ये उघडलं की बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिड काला. मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) नसल्याने तो शोधूनही सापडायचा नाही. ई-निविदांचंही तेच. डिजिटल सहीसाठी जावा ॲपलेट (ब्राउझरमध्ये प्लगइनच्या आधाराने चालणारा छोटा प्रोग्राम) लागायचं. 2015 मध्ये क्रोमने आणि 2017 मध्ये फायरफॉक्सने तसले प्लगइन बंद केले. मग निविदा भरण्यापुरता जुना विंडोज पीसी जपून ठेवणारे कंत्राटदार मी याच शहरात पाहिलेत.

‘ओपन सोर्स आहे’ हे खरं, पण त्यातून मोकळीक मिळत नाही. कोड सगळ्यांना दिसतो, तो कुठल्या दिशेने जाणार हे मुख्यतः गूगल ठरवतं. 2024 मध्ये क्रोमने एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामची, जुनी पद्धत बंद करायला घेतली आणि जाहिराती रोखणारं युब्लॉक ओरिजिन वापरणाऱ्यांची पंचाईत झाली. क्रोमियमवर उभ्या असलेल्या बाकी ब्राउझरांपुढे दोनच वाटा उरल्या: क्रोमच्या मागोमाग जा, नाहीतर जुना कोड स्वतःच्या खर्चाने सांभाळा. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं, म्हणून तिथे ते चालू राहिलं.

राहिला पैशाचा मुद्दा. प्लेराइट हे साइट आपोआप तपासणारं साधन फुकट आहे. एकच चाचणी ते क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्हींवर चालवतं, त्यासाठी मॅक विकत घ्यावा लागत नाही. खऱ्या आयफोनवर एकदा हात फिरवायचा तो वेगळा, पण तेवढा आयफोन ऑफिसात कुणाच्या ना कुणाच्या खिशात असतोच.