सवलतीत बसेल असंच आजारी पडा

आपल्याकडे म्हातारपण एकदम येत नाही. हप्त्याहप्त्याने येतं, आणि प्रत्येक हप्त्याचा नियम वेगळा. साठीला खासगी रुग्णालयं तुम्हाला ज्येष्ठ मानू लागतात. एसटी मात्र पासष्टीपर्यंत तुम्हाला तरुणच धरते. मग अर्धं तिकीट, आणि पंचाहत्तरी गाठलीत की फुकट. काठी-चष्म्याला पैसे देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना पासष्टीला भेटते, रुग्णालयाचा खर्च उचलणारी आयुष्मान सत्तरीला. रेल्वेने पुरुषांना साठीला ४० टक्के आणि बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षीच ५० टक्के सवलत देऊन पाहिली. मार्च २०२० मध्ये कोविडचं कारण सांगून ती बंद केली. कोविड गेला, सवलत काही परतली नाही. बहुधा रेल्वेच्या मते त्यानंतर देशात कोणी म्हातारंच झालेलं नाही.

म्हणून आधीच सांगून ठेवतो, दुखणं येईल तसं अंगावर घेऊ नका. त्याचं वेळापत्रक आखा. गुडघे पासष्टीच्या आत झिजवणं हा शुद्ध उतावीळपणा आहे. हृदय सत्तरीपर्यंत सांभाळायचं. एकोणसत्तराव्या वर्षी छातीत दुखलं तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा खायची आपल्या घराघरातली रीत आहेच. इतके दिवस ती अज्ञानाने पाळली, आता योजनेसाठी पाळा. कोणी म्हणेल, मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेला वयाची अट नाही. नाहीच. म्हणून तर तिच्यात ज्येष्ठ असल्याचा मानही नाही. ती सोडा.

सत्तरी ओलांडलीत की आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ते सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आहे, उत्पन्न विचारत नाहीत. तुमचा स्वतःचा खासगी विमा असला तरी चालतं. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतले पेन्शनर असाल तर मात्र ही किंवा ती, एक काय ते निवडा. कार्डासाठी आधार लागतं आणि आधारासाठी बोटांचे ठसे. आयुष्यभर भांडी घासून किंवा लेथवर उभं राहून ते पुसले गेले असतील, तर यंत्राला तुम्ही तुम्हीच आहात हे पटत नाही. अशा वेळी रागावू नका. बोट पुसा, पुन्हा ठेवा. मग दुसरं बोट. केंद्रातला मुलगा ‘आजी, जरा दाबून’ म्हणेल, दाबा. दहाही बोटं नापास झाली की तो तुमचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरायला लावेल आणि डोळे मिचकवायला सांगेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कार्ड काढायला आलेल्यांनाही तो हेच सांगतो.

कार्ड हाती आलं की कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच. इथे कुटुंब म्हणजे घरातले सगळे सत्तरीपुढचे मिळून. म्हणजे नवरा-बायकोने एकाच वर्षी मोठं आजारपण काढायचं नाही. पन्नास वर्षं संसार केलात, एवढा समजूतदारपणा दाखवायला हरकत नाही. यंदा यांचं बायपास, पुढच्या वर्षी हिचा खुबा. शिवाय दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यावरचे १५ दिवस एवढाच काळ योजनेत धरलेला आहे. सोळाव्या दिवशी गोळ्या चालू असतील तर दोष योजनेचा नाही, तुम्ही बरे व्हायला वेळ लावताय. आणि रोजचा रक्तदाब, रोजची साखर, ओपीडीच्या चकरा, चष्म्याचा नंबर, म्हणजे म्हातारपण ज्याचं बनलेलं असतं ते सगळं, यात येत नाही. दाखल व्हावं लागतं. किरकोळ म्हाताऱ्यांसाठी ही योजना नाही.

आता मुख्य विषय, खासगी रुग्णालयाचं ज्येष्ठ नागरिक कार्ड. हे शक्यतो शिबिरातच घ्यावं. नगरसेवकांच्या वाढदिवसाला मंडपात मोफत आरोग्य तपासणी असते, फ्लेक्सवर साहेब हात जोडून उभे असतात, आत टाचेला यंत्र लावून हाडं किती ठिसूळ झालीत ते एका मिनिटात सांगतात. ठिसूळ नसलेलं हाड अजून कोणत्याही शिबिरात सापडल्याचं ऐकिवात नाही. बाहेर पडताना हातात कापडी पिशवी, कॅल्शियमच्या चार गोळ्या आणि कार्ड. कार्डाच्या पुढच्या बाजूला हसरे आजी-आजोबा आणि ‘२० टक्क्यांपर्यंत सवलत’. मागच्या बाजूला अटी. अटींचा टाइप इतका बारीक असतो की ज्यांच्यासाठी कार्ड आहे त्यांना तो वाचता येऊ नये, याची काळजी कोणीतरी मनापासून घेतलेली दिसते. नातवाकडून वाचून घ्या: सवलत फक्त खोलीच्या भाड्यावर, औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांची फी आणि पॅकेज वगळून, कॅशलेस, म्हणजे ज्यांचं बिल विमा कंपनी परस्पर भरते, त्या रुग्णांना लागू नाही. हातमोजे, कॅथेटर, अंडरपॅड, डायपर, सुया, सलाइनचे सेट आणि आल्या आल्या हातात देतात ते साबण-कंगव्याचं ॲडमिशन किट हे सगळं वगळलेल्यात. उरली खाट. तिच्यावर सवलत आहे.

म्हणून मोठी खोली घ्या. भाडं जितकं जास्त तितकी सवलत जास्त, हे चौथीतलं गणित आहे. आणि कॅशलेसवाल्यांना सवलत नाही म्हटल्यावर कॅशलेस सोडून द्या. पैसे खिशातून भरा आणि मागाहून विमा कंपनीकडे मागा.

समजा तुमची पॉलिसी ५ लाखांची, जुन्या पद्धतीची, खोलीभाड्याला दिवसाला १ टक्का मर्यादा असलेली. म्हणजे ५,००० रुपये. तुम्ही १०,००० ची डीलक्स खोली घेतलीत, कार्ड दाखवून ती ८,००० ला मिळवलीत. चार दिवसांत ८,००० वाचले. खिडकीतून झाड दिसतं, सोबतच्या माणसाला सोफा आहे, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही मूळ दर आणि तुमचा दर दोन्ही सांगू शकता. हा आनंद पूर्ण घ्या, कारण ५,००० च्या वरच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्याचे १,६०० इथेच गेले. आणि मर्यादेवरचे रोजचे ३,००० विमा कंपनी देत नाही, ते १२,०००. खरी गंमत पुढे आहे. खोली वरच्या दर्जाची, म्हणून सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, रोजच्या राउंडचे पैसे, सगळंच वरच्या दर्जाचं लागतं. तीच सुरी, तोच सर्जन, पण डीलक्स. आणि विमा कंपनी म्हणते, तुमचा हक्क ५,००० च्या खोलीचा, राहिलात ८,००० च्या खोलीत, तर या सगळ्या खर्चाचाही आठातला पाचच भाग आम्ही देऊ. हे खर्च २ लाख झाले असतील तर कंपनीचे १,२५,००० आणि तुमचे ७५,०००. औषधं आणि इम्प्लांट या कात्रीतून वगळलेली असतात, तेवढाच दिलासा. तर ८,००० मिळवायला किती घालवले, ही बेरीज ज्यांना करायची ते करोत. तुम्ही करू नका. रक्तदाब वाढतो, आणि त्यावर सवलत नाही हे वर आलंच आहे.

गुडघ्याचंही असंच. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, हृदयाच्या स्टेंटवर त्याच वर्षी फेब्रुवारीत. सांध्याची किंमत बांधली, तो बसवणाऱ्या ऑपरेशनची नाही. त्यामुळे गुडघा स्वस्त झाला म्हणून आनंद मानायचा आणि पॅकेजची एकूण रक्कम बघताना चष्मा काढून ठेवायचा.

काही आगाऊ मंडळी तुम्हाला धर्मादाय रुग्णालयांची माहिती सांगतील. त्यांचं ऐकू नका, ते कायदा वाचलेले लोक असतात. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलांतली २ टक्के रक्कम त्यासाठी वेगळी काढावी लागते. तातडीच्या रुग्णाला अनामत मागून ताटकळत ठेवता येत नाही. हे सगळं खरं आहे. पण त्यासाठी काउंटरवर सगळ्यांसमोर ‘माझं उत्पन्न कमी आहे’ म्हणावं लागतं, पिवळं-केशरी रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा दाखला दाखवावा लागतो, समाजसेवा अधिकारी कुठे बसतात ते शोधावं लागतं. ते जेवायला गेलेले असतात. आल्यावर त्या खाटा भरलेल्या असतात. याउलट हसऱ्या आजी-आजोबांचं कार्ड कोणीही विचारायच्या आत स्वीकारलं जातं, यावरून काय ते ओळखा.

उपकरणांकडे वळू. वयोश्रीत एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात येतात. त्यात चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड काठी, व्हीलचेअर, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस, कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा अशी यादी आहे. यादी वाचताना लक्षात येतं की बनवणाऱ्याला म्हातारपणाची उत्तम जाण आहे. रक्कम वाचताना लक्षात येतं की बाजारभावाची नाही. ३,००० मध्ये तुम्हाला ऐकू यावं की चालता यावं हे आधी ठरवा. दोन्ही एकदम हवं असेल तर तुम्ही लोभी आहात. आणि घरचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत हवं. महिना १७,००० पेन्शन असलेल्या माणसाचं वर्षाचं २,०४,००० होतं, म्हणजे तो श्रीमंत. श्रीमंताने काठी स्वतःच्या पैशाने घ्यावी.

तशी घ्यायला दुकानात गेलात तर ‘काका, तुमच्यासाठी खास’ हे शब्द ऐकल्याशिवाय पाकीट काढू नका. श्रवणयंत्राच्या खोक्यावरची छापील किंमत ही वाचण्यासाठी असते, देण्यासाठी नाही. ती निम्मी करून मिळाली की घरी येऊन निम्मी वाचवली असं सांगता येतं, शेजारच्या दुकानात सवलतीविनाच तेवढ्याला मिळत होतं हे ऐकू येण्याआधी. साखर तपासायचं यंत्र तर फुकटच देतात. घ्या. पट्ट्या त्याच कंपनीच्या लागतात, आणि तुमची साखर काही एकदाच तपासायची नसते.

एक सावधगिरी मात्र जरूर बाळगा. तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात किंवा एखाद्या मंडळात ‘रुग्णोपयोगी साहित्य’ अशी पाटी असेल. आत डोक्याकडून वर-खाली होणारा फाउलर बेड, एअर बेड, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, वॉकर रांगेत ठेवलेले असतात. अनामत भरा, वहीत सही करा, नाममात्र भाड्याने न्या, काम झालं की पुसून परत करा. वही सांभाळणारे गृहस्थ स्वतःच अठ्ठ्याहत्तरचे असतात आणि चाकात तेल घालून देतात. तिकडे फिरकू नका. तिथे सवलत कशी ती मिळत नाही, कारण मुळात पैसेच घेत नाहीत फारसे. जनऔषधी केंद्राचीही तीच रड. गोळ्यांची किंमतच कमी, साठीच्या माणसालाही तीच आणि तिशीच्या पोरालाही तीच; केसांकडे बघून कोणी १० टक्के कमी करत नाही. एवढी वर्षं जगून काय मिळवलं मग?

कर वाचवायचा असेल तर आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांना उपचाराच्या खर्चावर ५०,००० पर्यंत वजावट आहे. फक्त जुन्या करप्रणालीत, आणि रोख दिलेले पैसे धरत नाहीत. म्हणजे खाटेपाशी जाऊन आयाबाईंना, मावशींना, वॉर्डबॉयला जे तुम्ही घडी घालून दिलंत, ते सरकारच्या लेखी तुम्ही दिलेलंच नाही.

शेवटचा टप्पा डिस्चार्जचा. कॅशलेसवाल्यांची गोष्ट वेगळी; रुग्णालयाकडून विनंती पोचल्यावर विमा कंपनीने ३ तासांत अंतिम मंजुरी द्यायची असा २०२४ पासून नियम आहे, ते घड्याळ बघत बसतात. तुम्ही सवलतवाले. तुमची फाइल बिलिंगला गेली की तिथली मुलगी गोड आवाजात ‘आजोबा, ओरिजिनल आधार?’ विचारेल. झेरॉक्स चालत नाही, मोबाइलमधला फोटो चालत नाही. आधार घरी कपाटात, कपाटाची चावी कुठे ते फक्त आजोबांना ठाऊक, आणि आजोबांची भूल अजून पुरती उतरलेली नाही. मुलगा घरी जाऊन येईपर्यंत दुपारचे १२ वाजून जातात आणि खोलीचा पुढचा दिवस चालू होतो. घाबरू नका, त्या दिवसावरही २० टक्के आहेत.