वाचता-लिहिता येणे आवश्यक

न्यू जर्सीत शालेय मंडळाची निवडणूक लढवायची असेल तर उमेदवार कसा हवा, याची छापील यादी मिळते. अमेरिकेचा नागरिक हवा, त्या शालेय जिल्ह्यात किमान वर्षभर राहिलेला हवा, मतदारयादीत नाव हवं, मंडळाशी कसला ठेका किंवा दावा चालू नको. आणि वाचता-लिहिता यायला हवं. कोट्यवधी डॉलरचं बजेट मंजूर करायचं, पण गणित येण्याची अट मात्र कुठेही नाही. यादी वाचून नवरा म्हणाला, "तू सगळ्यात बसतेस." लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याने मला एकदम एवढ्या गोष्टींत पास केलं नव्हतं. तिथेच मी फसले.

मुळात भांडण बसचं होतं. आमचं घर शाळेपासून 1.9 मैलांवर आहे. राज्याचा कायदा सांगतो की आठवीपर्यंतचं मूल शाळेपासून दोन मैलांहून लांब राहत असेल तर त्याला बस द्यायलाच हवी. नववीपासून पुढे अडीच मैल. त्याच्या आत राहणाऱ्यांना बस मिळाली तर ती मंडळाची मेहेरबानी, आणि बजेट आवळलं की पहिली कुऱ्हाड मेहेरबानीवरच पडते. कोपऱ्यापलीकडच्या घरांपुढे पिवळी बस थांबते आणि आमचा धाकटा तिच्या मागे दप्तर सावरत चालतो, हे दृश्य रोज सकाळी खिडकीतून बघायचं म्हणजे रक्तदाबाला आमंत्रण.

म्हणून मी नकाशा घेऊन मंडळाच्या बैठकीत गेले. तिथे पालकाला माइकवर तीन मिनिटं मिळतात. समोर नऊ सदस्य असा चेहरा करून बसतात की तुम्ही बसबद्दल बोलताय की हवामानाबद्दल, ते त्यावरून कळू नये. तीन मिनिटं संपली की घंटी, आणि "तुमच्या मताबद्दल आभार". उत्तर नाही. बाहेर पार्किंगमध्ये एक सत्तरीच्या बाई भेटल्या. त्या म्हणे प्रत्येक बैठकीला येतात, टीव्हीपेक्षा बरं म्हणून. त्या म्हणाल्या, "एवढं चिडायचं असेल तर त्या बाजूला बसून चीड. तिथे खुर्च्या गुबगुबीत आहेत."

अर्ज भरायची मुदत 31 जुलै 2023, सोमवार, दुपारी चार. अनामत रक्कम नाही. तेव्हा फक्त दहा मतदारांच्या सह्या लागत. पुण्यात सोसायटीच्या लिफ्टबद्दल तक्रार करायची तरी याहून जास्त सह्या लागतात. मी निवांत होते. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अडीचशे मराठी माणसं! "सहीला कोण येतंय?" असं विचारल्यावर बदाबदा अंगठे आले, हात जोडलेले आले, एकाने ढोलताशाचा व्हिडिओ टाकला. मग एकेकाचे फोन सुरू झाले. "ताई, सही काय, रक्त देऊ. पण आमचं अजून एच-वनच, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच, चालू आहे." त्या शरद ऋतूत ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांचे 2012 सालच्या आसपासचे अर्ज हातात घेतले जात होते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर नागरिकत्वाला साधारण पाच वर्षं. म्हणजे माझे खंदे पाठीराखे मला मत द्यायला येतील तेव्हा माझी नातवंडं शाळा सोडून गेलेली असतील. ही माणसं घर घेतात, कर भरतात, मुलांना शाळेत घालतात, आणि मतदानाच्या दिवशी मुकाट ऑफिसला जातात. दहा सह्या जमवताना शेवटच्या दोन मी माझ्या दंतवैद्याकडे आणि त्याच्या खुर्चीत आ वासून पडलेल्या गृहस्थांकडे मिळवल्या.

कराडला आईला कळवलं.

"कुठल्या पक्षातर्फे?"

"यात पक्ष नसतो गं."

"म्हणजे अपक्ष. निशाणी काय मिळाली?"

"निशाणीही नसते."

"तुझ्या मामाला कपबशी मिळाली होती. गावभर चहा पाजला आणि निवडून आला. बरं, तुला मिळणार काय?"

"काही नाही. पगार नाही, मानधन नाही. कायद्यानेच फुकट."

"मग लोक उभे का राहतात?"

"समाजसेवा," मी म्हणाले.

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग आई म्हणाली, "जावईबापूंना फोन दे."

सप्टेंबरात गणपती आले. मला वाटलं, आता मैदान आपलं. मराठी मंडळाच्या अध्यक्षांना म्हटलं, आरतीनंतर दोन मिनिटं माइक द्या. ते घाबरलेच. "वहिनी, आपली करमुक्त संस्था. पाचशे एक-सी-तीन. स्टेजवरून उमेदवाराचा प्रचार केला तर करमाफी जाईल." बोलणं खरं होतं, कायदा तसाच आहे. माझा पडलेला चेहरा बघून त्यांनी मला आरतीचं ताट दिलं. "हे धरून दाराशी उभ्या राहा. तुम्ही उभ्या आहात हे लोकांना आपोआप कळेल."

कळलं की. त्या हॉलमध्ये मतदान असतं तर बाकीच्या चौघांनी अर्ज मागे घेतले असते. ताटात हात फिरवता फिरवता जो तो म्हणत होता, "तुम्हीच येणार!" मी हसून विचारायची, "मतदारयादीत नाव आहे ना?" की तो प्रसादाकडे वळायचा.

तिथेच मला माझे प्रचारप्रमुख भेटले. कुणाचे तरी वडील, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले, इकडे कंटाळलेले. तिकडे जिल्हा परिषदेच्या निवडणुकांत त्यांनी हयात घालवलेली. त्यांनी माझ्याकडून सगळी माहिती घेतली. जागा तीन, उमेदवार पाच, त्यातले तिघे आत्ता खुर्चीवर असलेले. प्रत्येक मतदाराला तीन मतं. आजोबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "तुमची माणसं एक मत तुम्हाला देतील आणि उरलेली दोन त्या खुर्चीवाल्यांना. म्हणजे तुमच्याच मतदाराने तुम्हाला पाडलं. त्यांना सांगा, मला एकच मत द्या, बाकीची दोन कोरी ठेवा." डावपेच बिनतोड होता. पण आपल्या लोकांना तो पचेना. तीन मतं फुकट मिळत असताना एकच वापरायचं? एका काकूंनी स्पष्टच सांगितलं, "वाया घालवायला जीव होत नाही हो."

"बरं, आदल्या रात्रीचं काय नियोजन?" आजोबांनी आवाज खाली आणून विचारलं.

"आजोबा, इथे तसलं चालत नाही."

"सगळीकडे चालतं," ते म्हणाले. "तुम्हाला कुणी सांगितलं नसेल."

अंगणात रोवायचे फलक छापायला दिले. आमचं आडनाव लांबलचक, त्यात दोन जोडाक्षरं. इंग्रजीत लिहिलं की ते फलकाच्या बाहेर जातं. छापखान्यातल्या मुलाने आडनाव मुंगीएवढं केलं आणि 'फॉर स्कूल बोर्ड' हत्तीएवढं. त्यामुळे गावभर जाहिरात झाली की कोणीतरी शालेय मंडळासाठी उभं आहे. कोण, ते फलकाला नाक लावल्यावर कळायचं. मतपत्रिकेवर नावाखाली तीन शब्दांचं घोषवाक्य देता येतं, तिथे लेक मदतीला आली. ती अकरावीत. माझी पहिली पाच घोषवाक्यं तिने "क्रिंज" या एकाच शेऱ्यात निकालात काढली आणि वर तंबी दिली की तिच्या शाळेच्या फाटकासमोर फलक दिसला तर ती आडनाव बदलेल. मी म्हटलं, बदल, लहान घे, पुढच्या वेळी मलाही उपयोगी पडेल.

मग दारोदार. दारं हल्ली उघडतच नाहीत, बोलतात. घंटेत कॅमेरा असतो आणि त्यातून आवाज येतो, "तिथे ठेवून जा." पत्रपेटीत पत्रक टाकायची सोय नाही, कारण टपालाच्या तिकिटाशिवाय तिच्यात काही टाकणं बेकायदा. म्हणून ते दाराच्या मुठीला अडकवायचं. मग ते वाऱ्याने उडतं आणि दोन घरं पलीकडे माझाच चेहरा चिखलात पडलेला मला भेटतो.

जी दारं उघडत, त्यांना वेगळंच काही हवं असे. एका निवृत्त गृहस्थांनी कराचं बिलच आणून दाखवलं. न्यू जर्सीत मालमत्ता कराचं सरासरी बिल तेव्हा साडेनऊ हजार डॉलरच्या पुढे होतं आणि त्यातला साधारण निम्मा पैसा शाळांना जातो. "माझी मुलं शिकून तीस वर्षं झाली," ते म्हणाले, "मी अजून कुणाची फी भरतोय?" याला मी काय सांगणार? राज्याने वाढीवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, हे मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. ते म्हणाले, "म्हणजे दर वर्षी दोन टक्के." दुसऱ्या घरात शेजाऱ्याचा कुत्रा. तिसऱ्यात पानगळीचे ढीग नगरपालिका कधी उचलणार. चौथ्यात, मुलाला फुटबॉलच्या संघात बाकावरच बसवतात, त्या प्रशिक्षकाला काढा.

यातलं बरंचसं मंडळाच्या हातात नव्हतं. रात्री घरी येऊन मी सदस्यांसाठीची आचारसंहिता वाचली. तिच्यात लिहिलंय की सदस्याने शाळा चालवायच्या नाहीत, त्या नीट चालवल्या जातात की नाही, तेवढं बघायचं. म्हणजे सासूचं पद, फक्त बोलायची परवानगी नाही. आणि यासाठी मी पायाला फोड आणले होते. शिवाय निवडून आलात की तीस दिवसांत पार्श्वभूमी तपासणी, त्यासाठी बोटांचे ठसे. फुकट काम करायला आलेल्या माणसाकडे सरकारही संशयाने बघतं. आईचं काय चुकलं?

31 ऑक्टोबरला हॅलोविन. त्या संध्याकाळी सगळे घरी असतात, असा हिशेब करून मी बाहेर पडले. दारं पटापट उघडली. उघडणारा आधी कमरेच्या उंचीवर बघायचा, तिथे मूल नाही म्हटल्यावर नजर वर यायची, आणि तरीही चॉकलेटांचं भांडं पुढे व्हायचं. नको म्हणणं उद्धटपणाचं. पत्रकं संपेपर्यंत पिशवी भरली. धाकट्याच्या मते माझ्या राजकीय कारकिर्दीतला हा सर्वोच्च बिंदू होता.

उमेदवारांच्या जाहीर चर्चेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका मिनिटात उत्तर, पुढे पिवळं कार्ड, मग लाल. खुर्चीवरचे तिघे प्रत्येक वाक्य "आम्ही केलं" असं सुरू करत. माझ्याकडे फक्त "मी असते तर" होतं. संकेतार्थात बोलणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार!

7 नोव्हेंबरला मतदान, वसुबारसेच्या दोन दिवस आधी. घरात चकलीची भाजणी तशीच पडून. मतदानकेंद्रापासून शंभर फुटांच्या आत प्रचार करता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका सिव्हिल इंजिनिअरने खरोखरच टेप लावून शंभर फूट मोजले आणि खडूने रेघ मारली. तिच्या बाहेर थंडीत आजोबा कानटोपी घालून सकाळी सहापासून उभे. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, मत तर नाहीच, पण येणाऱ्या प्रत्येकाला ते असा नमस्कार करत की माणूस चार पावलं मागे येऊन माझं पत्रक घ्यायचा. पार्किंगमधल्या बाईही आल्या. मत कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण आजोबांना कॉफी आणून दिली.

मी चौथी आले. टपालाची मतं आणखी सहा दिवस येऊ शकतात, म्हणून नवरा लाडू वळता वळता आकडे ताजे करत राहिला. आकडे हलले. माझे आणि तिसऱ्या क्रमांकाचे, दोघांचेही हलले, सारख्याच अंतराने.

"अनामत वाचली का?" आईने विचारलं.

"अनामत नव्हतीच."

"मग पडलीस असं म्हणूच नकोस," ती म्हणाली. गावाकडे तिने काय सांगितलं, ते मी विचारलेलं नाही.

भाऊबीजेनंतर मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला.

"वहिनी, निकाल कळला. वाईट वाटलं."

"असू दे हो."

"नाही, म्हणजे तुम्हाला आता निवडणुकीचा अनुभव आहे. जानेवारीत आपली कार्यकारिणी बदलते. भोजन समितीचं प्रमुखपद रिकामं आहे. उभ्या राहता का?"

"माझ्या विरोधात कोण आहे?"

"कोणी नाही, आणि राहणारही नाही," ते अगदी खात्रीने म्हणाले. "संक्रांतीला साडेतीनशे माणसांच्या गुळपोळ्या आहेत."