कर कमी, पण आरोग्य स्वस्त कुठंय?

कुठल्या देशात किती टक्के कर, याचे तक्ते अधूनमधून फिरत असतात. खाली कमेंट ठरलेली: 'डेन्मार्कवाले लुटले जातात, अमेरिका बघा!' आकडे खोटे नसतात. देशाच्या उत्पन्नातला करांचा वाटा डेन्मार्कमध्ये ४० टक्क्यांच्या वर, अमेरिकेत २५ ते २७ टक्क्यांच्या घरात. पण अमेरिकेत दवाखान्यासाठी जाणाऱ्या बऱ्याचशा पैशाला कर म्हणतच नाहीत, ही खरी गोम.

तिथली पगाराची स्लिप बघा. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचे १.४५ टक्के कापलेले असतात, तेवढेच कंपनी भरते. हा झाला कर, मुख्यतः पासष्टीपुढच्यांच्या उपचारांसाठी. स्वतःच्या आजारपणासाठी विम्याचा हप्ता वेगळा. २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा वर्षाचा हप्ता सरासरी २५,५७२ डॉलर होता. त्यातले ६,२९६ कर्मचाऱ्याचे, बाकी कंपनीचे. कंपनीचे म्हणजे कोणाचे? हप्ता वाढला की पगारवाढ आखडते, हे काही गुपित नाही. आणि एवढं भरूनही डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची ठरलेली रक्कम, संपेपर्यंत बरीचशी बिलं आपल्याच खिशातून. नोकरी आणि विम्याची ही गाठ कोणी विचार करून मारलेली नाही बरं का. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने पगारवाढीला लगाम घातला, म्हणून मालकांनी विम्याचं आमिष दाखवलं. युद्ध संपलं, त्यावरची करसवलत राहिली.

जर्मनीत विम्याची वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के, वर थोडी जादा, निम्मी मालकाची. कमावता नसलेला जोडीदार आणि मुलं त्यातच. हॉस्पिटलात राहिलात तर दिवसाला १० युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. स्वित्झर्लंडची गंमत वेगळीच. १९९६ पासून विमा सक्तीचा, पण हप्ता खासगी कंपनीला आणि तो उत्पन्नावर ठरत नाही. सक्तीने द्यायचा, तरी कर नाही! म्हणून करांच्या यादीत हा देश स्वस्त दिसतो.

माझ्या मते पैसे कोणत्या नावाने जातात यापेक्षा भाव कोण ठरवतं, हे बघायला हवं. अमेरिका उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर घालवते, ब्रिटन ११ च्या आसपास. अमेरिकेचं सरकार आरोग्यावर माणशी जेवढं खर्च करतं, तेवढा ब्रिटनचा सरकारी आणि खासगी मिळून एकूण खर्चही होत नाही. म्हणजे अमेरिकन माणूस आरोग्यासाठी करही भरतो आणि वर हप्ताही. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने, म्हणजे मेडिकेअरने, औषधांच्या भावात घासाघीस करायची नाही, असं २००३ च्या कायद्यातच लिहिलं होतं. २०२२ मध्ये ते थोडं सैल झालं, तेही मोजक्या औषधांपुरतं.

ब्रिटनमध्ये सगळं फुकट, हेही अर्धवट. १९४८ मध्ये तिथली सरकारी आरोग्यसेवा उभी करणाऱ्या मंत्री बेव्हननी १९५१ मध्येच राजीनामा दिला, कारण चष्मे आणि कवळ्यांना पैसे लावले होते. आज इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनचे पैसे पडतात, स्कॉटलंड-वेल्समध्ये नाही. पण खरी किंमत वेळेत मोजावी लागते. १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा नियम आहे, आणि एकट्या इंग्लंडची प्रतीक्षायादी ७० लाखांच्या आसपास. मला विचाराल तर बिलाच्या धसक्यापेक्षा ही रांग परवडली. पण गुडघा दुखत असताना महिनोन्‌महिने थांबायचं, हे म्हणायला सोपं. ज्याला थांबणं शक्य नाही, तो तिथंही खासगी सर्जन गाठतो आणि खिशातून भरतो. आधी भरलेला कर काही परत मिळत नाही.