शेवटच्या पानावरचा फोटो

स्पष्टच लिहिते. आई किंवा बाबा गेल्यानंतर घरात दुसरी आई, दुसरे बाबा येतात, या विषयावरची लहान मुलांची जी थोडीफार चित्रपुस्तकं माझ्या हाताशी आली (जवळजवळ सगळी इंग्रजी), त्यातली बहुतेक मला आवडत नाहीत. चित्रं गोड असतात, हेतूही चांगला असतो, पण पुस्तक मुलाच्या बाजूचं नसतं. पहिल्या पानावर मूल खिडकीत एकटं. मग घरात कुणीतरी नवीन. मूल रुसतं, जेवत नाही, दार आपटतं. नवी आई जराही न चिडता केक करते आणि शेवटच्या पानावर तिघं एकमेकांच्या गळ्यात. झालं, दुःख संपलं! ज्यांचं लग्न ठरलंय त्या मोठ्या माणसांना धीर द्यायला लिहिलेली गोष्ट असते ही.

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात मुलांचं कपाट मी सांभाळते. एका बाबांनी स्वतःच्या लग्नाआधी लेकीसाठी असंच एक पुस्तक नेलं होतं, मेडिकलमधून कफ सिरप न्यावं तसं. परत करायला लेक स्वतः आली. दुसरीतली असेल. पुस्तक टेबलावर ठेवलं, मग पुन्हा उघडलं, पहिलं पान काढलं आणि चित्रातल्या भिंतीवर बोट ठेवलं. "इथे फोटो आहे." मग शेवटचं पान. तोच सोफा, तीच भिंत, तोच दिवा. फोटो नाही. "काढला," एवढंच म्हणाली आणि कपाटाकडे वळली.

चित्रकार विसरला असेल, नाहीतर मिठी मारणाऱ्या तिघांना जागा करून दिली असेल. पण मुलं चित्रं अशीच वाचतात, मजकूर आपण वाचतो.

नवी आई वाईट निघेल, एवढीच भीती मुलांना असते असं आपण धरून चालतो. ती चांगली निघाली तर काय, ही दुसरी भीती कुणी विचारातच घेत नाही. हिच्या हातची आमटी आवडली तर आईला वाईट वाटेल का? त्यात लग्नाच्या हॉलमध्ये आत्या कानात सांगते, "आता हिलाच आई म्हणायचं हं." आणि गेलेल्या आईची आई कोपऱ्यात डोळे पुसत बसलेली असते. पोराने बघायचं तरी कुणाकडे?

जुन्या गोष्टींनी सावत्र आईला बदनाम केलं, हा आक्षेप रास्तच आहे. ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू न देणारी सुरुची आहे, सावत्र आईने छळलेली साने गुरुजींच्या गोष्टीतली सोनसाखळी आहे. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या पुस्तकाच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आईच होती. १८१९च्या आवृत्तीत तिला सावत्र करून टाकलं. हॅन्सेल-ग्रेटेलच्या आईचंही पुढे तेच झालं. सख्खीची अब्रू वाचली आणि सगळं पाप सावत्रीच्या माथी. पण त्याच ग्रिमांची सिंड्रेला आईच्या थडग्यावर एक डहाळी लावते, तिचं झाड होतं आणि त्यावरचा पक्षी तिला हवं ते देतो. म्हणजे मेलेली आई शेवटपर्यंत गोष्टीत आहे. आजच्या गुळगुळीत पुस्तकांत ती तिसऱ्या पानानंतर सापडत नाही.

आपल्याकडचंच एक उदाहरण मला फार दिवस छळतंय. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं आणि मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. पहिली बायको राधाबाई १८९१मध्ये गेली होती. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा, वडिलांच्या लग्नाच्या वेळी अकरा. पुढे लैंगिक शिक्षणावरचं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढणारे र. धों. कर्वे ते हेच. सुधारणेचा हा सगळा इतिहास मोठ्यांच्या उंचीवरून सांगितला जातो. अकरा वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून त्या घरात काय दिसत असेल, यावर कुणीतरी सोळा पानांचं पुस्तक करा ना! गोदूबाई चांगल्या की वाईट हा प्रश्नच नको त्यात.

दुःखावर चांगलं चित्रपुस्तक होऊ शकतं, याबद्दल मला शंका नाही. मुलांसाठी लिहिणारे इंग्रज लेखक मायकेल रोझेन यांचा मुलगा एडी १९९९मध्ये गेला आणि २००४मध्ये त्यांचं 'सॅड बुक' आलं, चित्रं क्वेंटिन ब्लेक यांची. पहिल्याच पानावर हसरा चेहरा आणि मजकूर सांगतो की हा माणूस दुःखी आहे, हसण्याचं नाटक करतोय. शेवटीही कुणी येऊन त्याला बरं करत नाही. मेणबत्ती, तिच्यासमोर तो, संपलं पुस्तक. लहान मुलांना झेपेल का, असं पालक विचारतात. माझ्या अनुभवात मुलं निवांत वाचतात, पालकच मध्ये उठून जातात.

आणि सावत्र वडील? कोविडमध्ये कितीतरी घरांत तरुण बायका मागे राहिल्या, त्यातल्या काहींनी आता पुन्हा लग्नं केली आहेत. हिंमतीचं काम आहे ते, नातेवाईक अजून नाकं मुरडतात. त्यांच्या मुलांना देण्यासारखं मराठी चित्रपुस्तक माझ्या कपाटात एकही नाही. प्रकाशक मंडळींनो, कुणी करायला घेतलंत तर दोनच मागण्या. मुलाने नव्या माणसाला पुस्तक संपेपर्यंत 'काका' म्हटलं तरी चालेल. आणि चित्रकाराला भिंतीवरचा फोटो प्रत्येक पानावर दाखवायला लावा, हार थोडा सुकलेला असला तरी हरकत नाही.